तिसरा रकाना

१९९७ च्या आषाढात, सुरतेहून वलसाडकडे जाणाऱ्या सकाळच्या पॅसेंजरने उधना आणि भेस्तान ही स्थानके मागे टाकून मी सचिनच्या फलाटावर पहिल्यांदा उतरलो, तेव्हा माझ्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत आईने दिलेला भाकरीचा डबा आणि प्लॅस्टिकच्या पेटीत नीट रचलेल्या बारा फ्लॉपी एवढाच काय तो ऐवज होता. आणि त्या बारांपैकी सात फ्लॉपींवर जे काही होते त्याचा धनी कोण, हा प्रश्न मला, मला पगार देणाऱ्या माझ्या मालकाला, किंवा ज्या गिरणीत मी निघालो होतो तिच्या शेठजींना, कोणालाही कधी पडलेला नव्हता. आमचे घराणे शिंदखेड्याकडचे. भुसावळहून तापीच्या खोऱ्यातून सुरतेला येणाऱ्या रेल्वेने खानदेशातली जी असंख्य माणसे यंत्रमागांच्या आणि रंगाई-छपाईच्या कामासाठी येऊन उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांत स्थिरावली, त्यांत माझे वडील होते. त्यांनी बावीस वर्षे स्टेंटरच्या तोंडाशी उभे राहून ओले कापड ताणून वाळवले होते, आणि त्याच कापडाचा हिशेब आपला मुलगा संगणकात उतरवणार, हे त्यांना फार मोठे भाग्य वाटत असे.

सचिनच्या औद्योगिक वसाहतीतल्या या गिरण्यांचा व्यवहार बाहेरच्या माणसाला एकाएकी उमगत नाही. तेथे अहोरात्र कापड रंगते, छापले जाते, वाफवले आणि इस्त्री केले जाते. परंतु त्यातला एक वारही गिरणीच्या मालकीचा नसतो. रिंग रोडच्या बाजारातला व्यापारी मागावरून उतरलेले कोरे कापड, ज्याला तेथे सगळे ‘ग्रे’ म्हणतात, चलनासह टेम्पोत घालून पाठवतो. गिरणी त्यावर ठरलेल्या दराने काम करते आणि मजुरीचे बिल लावून तेच कापड त्याला परत करते. म्हणून या गिरण्यांच्या दप्तराचा सारा भार एकाच गोष्टीवर असतो: कोणता टाका, म्हणजे कापडाचा तागा, कोणत्या पार्टीचा, तो कोणत्या लॉटमध्ये गेला, आत येताना किती मीटर होता, बाहेर जाताना किती उरला, आणि जी घट आली ती कराराने मान्य केलेल्या मर्यादेत आहे की नाही.

त्या गिरणीत एक वृद्ध गुजराती मेहताजी होते. त्यांच्या लाल कापडी बांधणीच्या वहीत प्रत्येक ओळीला तीन मोठे रकाने असत: पहिल्यात मालाचे वर्णन, दुसऱ्यात पार्टीचे नाव, आणि तिसऱ्यात तो माल कोणत्या अटीवर आपल्या ताब्यात आहे त्याची नोंद, म्हणजे दर, मान्य घट, परतीची मुदत, आणि पार्टीने काही विशेष बजावले असेल तर तेही. तिसरा रकाना रिकामा असेल तर ते टाका रंगाईच्या जेट यंत्राकडे जाऊ देत नसत, मग मुकादम कितीही घाईवर आलेला असो. मी त्यांच्या वहीची रचना संगणकात आणायला गेलो तेव्हा जागा वाचवावी म्हणून तिसरा रकाना गाळला होता, त्यांनी पडद्याकडे चष्म्याखालून बराच वेळ पाहिले आणि मला म्हणाले, “भाई, या घरात जे आहे ते सगळे परके आहे. परक्याची वस्तू कोणत्या बोलीवर हातात आली, हेच लिहिले नाही तर मग आपण लिहिले काय?” मी मुकाट्याने तो रकाना घातला. त्यांच्या वाक्याचा माझ्या स्वतःच्या धंद्याशी काही संबंध आहे, हे कळायला मला पुढची पंधरा वर्षे लागली.

कारण ज्या यंत्रावर मी परक्या कापडाची ही काटेकोर नोंद करीत होतो, त्या यंत्रात मात्र परक्या वस्तूंची कसलीही नोंद नव्हती. ज्या डेटाबेसच्या साहाय्याने आम्ही आज्ञावली रचीत असू तो बाजारातल्या कोणा दुकानातून नकलून आणलेला. संगणक ज्या प्रणालीवर चालत असे तीही तशीच. आणि मुद्रणासाठी लागणारी गुजराती अक्षरे एका छापखान्यातल्या मित्राने फ्लॉपीत भरून दिलेली. त्या काळी यात कोणाला दोष वाटत नसे असे सांगून मी स्वतःचा बचाव करू इच्छीत नाही. कायदा तेव्हाही होता. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमात १९८४ साली संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश ‘वाङ्मयकृती’ या व्याख्येत झाला होता, आणि १९९४ च्या दुरुस्तीने, जी पुढच्या वर्षी मे महिन्यात अमलात आली, बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असूनही ती संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड, अशी स्वतंत्र शिक्षा सांगितली होती. हे सर्व मला प्रथम कळले ते २००३ च्या सुमारास, जेव्हा आमच्या शेजारच्या गाळ्यात भरतकामाच्या यंत्रांसाठी संगणकावर नक्ष्या करून देणाऱ्या एका गृहस्थाकडे पोलीस आले, पंचनामा झाला, दोन संगणक मोहोरबंद होऊन गेले, आणि तो सज्जन, कष्टाळू मनुष्य पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारीत राहिला की, मी चोरी कोणाची केली? तो खोटे बोलत नव्हता. कडी तोडून घरात शिरणे म्हणजे चोरी, हे त्याला माहीत होते. पण ज्या वस्तूची नक्कल केल्यावर मूळ वस्तू मालकाजवळ जशीच्या तशी राहते, तिची चोरी कशी होते, हे त्याला कोणी कधी समजावून सांगितलेच नव्हते. त्या रात्री मी माझ्या यंत्रावरच्या आज्ञावलींची यादी केली, आणि पुढच्या दोन वर्षांत, एकेक करीत, ज्यांचे पैसे देणे शक्य होते त्यांचे दिले आणि बाकीच्या काढून मुक्त परवान्याच्या आज्ञावली बसवल्या. २००५ पासून माझे सारे काम नव्याने जावा भाषेत सुरू झाले, त्याला हेही एक कारण होते.

याच सुमारास मी स्वतंत्र झालो होतो, आणि मदतीला डिंडोलीचा एक मुलगा घेतला होता. त्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. तो अमळनेरकडचा, बुद्धीने तीक्ष्ण, बोलायला अत्यंत कमी, आणि कामाची त्याची हौस अशी की एखादी अडचण सुटली नाही तर दुसऱ्या दिवशी डोळे सुजलेले दिसत. मी त्याला पगारावर ठेवले नव्हते. तेवढी माझी ऐपत नव्हती. बिलांचा भाग लिहिलास की इतके, घटीच्या हिशेबाचा लिहिलास की इतके, अशा ठरीव रकमा मी त्याला देत असे, आणि त्या एका डायरीत लिहून ठेवीत असे.

२००६ च्या ऑगस्टात तापीला पूर आला. उकाई धरणातून सोडलेले पाणी शहरात शिरले, अडाजण, रांदेर आणि शहराचा फार मोठा भाग कित्येक दिवस पाण्याखाली राहिला, आणि अडाजणला तळमजल्यावर भाड्याने घेतलेली माझी खोली छतापासून हातभर खाली येईपर्यंत भरली. आम्ही जीवानिशी वर गेलो, यातच सर्व आले. पाणी ओसरल्यावर जो चिखल उरला त्यात माझा संगणक, प्रतींच्या सीडी, डायरी, तिच्यातल्या सर्व नोंदी, असे नऊ वर्षांचे काम एकजीव झाले होते. सुरतेत ज्यांनी तो चिखल हाताने उपसला त्यांना त्याचा वास सांगावा लागत नाही. आठव्या दिवशी तो मुलगा डिंडोलीहून पायी, काही अंतर कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर, असा आला, आणि त्याने पिशवीतून एक हार्ड डिस्क काढून माझ्या हातात ठेवली. पुराच्या आधीच्या शनिवारी तो सगळा कोड घरी घेऊन गेला होता. “दादा, सगळं आहे,” एवढेच तो म्हणाला. माझा धंदा त्या दिवशी मेला नाही याचे श्रेय सर्वस्वी त्याचे आहे.

आणि म्हणूनच, दोन वर्षांनी, त्याने मला सोडून सचिनमध्येच दुसऱ्या रस्त्यावर स्वतःचे दुकान मांडले आणि माझ्या आज्ञावलीतले बिलांचे, घटीचे आणि लॉटकार्डाचे भाग जसेच्या तसे दुसऱ्या एका गिरणीला विकले, हे मला कळले तेव्हा जो संताप झाला तो साध्या व्यापारी नुकसानीचा नव्हता. ज्या हाताने वाचवले त्याच हाताने नेले, असे मला वाटले. मी फिर्याद करण्याच्या निश्चयाने अठवालाइन्सच्या न्यायालयापाशी बसणाऱ्या एका वयस्क वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी माझे सर्व ऐकून घेतले आणि मग शांतपणे विचारले, “तो तुमच्याकडे नोकर होता?” मी म्हणालो, माझ्याकडे काम करीत होता. “ते नव्हे. नेमणूकपत्र होते? महिना पगार होता? की कामाप्रमाणे पैसे?” मी म्हणालो, कामाप्रमाणे. “मग त्याने ते हक्क तुम्हाला दिले, असे त्याच्या सहीचे काही लेखी?” काही नव्हते. वकीलसाहेबांनी कपाटातून अधिनियमाचे पुस्तक काढून सतरावे कलम माझ्यासमोर धरले. नोकरीच्या करारान्वये नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा प्रथम स्वामी मालक असतो. परंतु जो नोकर नाही, जो ठरीव मोबदल्यावर स्वतंत्रपणे काम करून देतो, त्याने लिहिलेल्या आज्ञावलीचा प्रथम स्वामी, उलट करार नसेल तर, तो स्वतःच. मी पैसे मोजले होते हे खरे. पण कायद्याच्या दृष्टीने मी त्या कामाचा उपभोग घेण्याची मुभा विकत घेतली होती, मालकी नव्हे. ज्याच्यावर चोरीचा आळ घेऊन मी आलो होतो तोच त्या भागांचा मालक होता, आणि कोणी कोणाच्या परवानगीवाचून वस्तू वापरीत असेल, तर ते मीच नव्हे ना, अशी शंका घेण्याची वेळ माझ्यावर आली.

आम्ही दोघे बोललो. ते बोलणे सोपे झाले नाही. परंतु त्याचा तपशील द्यावा असे मला वाटत नाही. शेवटी सचिन स्टेशनाबाहेरच्या एका चहाच्या टपरीवर बसून आम्ही शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहिली: अमुक तीन भागांचे सर्व हक्क मी तमुक यांना रुपये इतके घेऊन दिले, आणि मलाही ते वापरण्याची मोकळीक राहील. वकिलाचे पैसे वाचवले याचा दोघांनाही आनंद झाला. ती चिठ्ठी किती अपुरी होती ते पुढे कळले.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात अमेरिकेत एका अपिलाचा निकाल लागला होता. जेकबसन नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने खेळण्यातल्या आगगाड्या संगणकावरून चालवण्याची आज्ञावली मुक्त परवान्याखाली सर्वांना विनामूल्य दिली होती. कॅट्झर नामक दुसऱ्याने त्यातला भाग उचलून आपल्या विक्रीच्या मालात घातला, आणि कर्त्याचे नाव व परवान्याच्या अटी मात्र गाळल्या. मोफत दिलेल्या वस्तूच्या अटी मोडल्याने नुकसान कसले, हा प्रतिवादीचा युक्तिवाद. आणि न्यायालयाने म्हटले की अट मोडली म्हणजे वापर परवान्याबाहेर गेला, आणि परवान्याबाहेरची नक्कल म्हणजे स्वामित्वहक्काचा भंग. मला हे प्रकरण विलक्षण जवळचे वाटले. मुक्त आज्ञावलींना आम्ही ‘फुकट’ म्हणत असू, आणि त्या शब्दानेच आमचा घात केला होता. फुकट म्हणजे बेवारस, असा आमचा समज. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली जो सार्वजनिक परवाना प्रथम काढला, आणि ज्याची दुसरी आवृत्ती १९९१ मध्ये व तिसरी २००७ मध्ये आली, त्यात तर हक्क सोडून दिलेला नाही, हक्काच्याच बळावर एक अट घातलेली आहे: वाटेल ते करा, पण पुढच्याला आज्ञावली द्याल तेव्हा तिचे मूळ लेखनही त्याच मोकळिकीसह द्या. मेहताजींच्या तिसऱ्या रकान्यात लिहिण्यासारखी यापेक्षा स्पष्ट अट कोणती असेल?

येथे शेठजींविषयी सांगितले पाहिजे, कारण या सगळ्या विषयावर मी जितके लोकांशी बोललो त्यांत सर्वांत मार्मिक प्रश्न त्यांनी विचारला. काही वर्षांपासून ते मजुरीच्या कामाबरोबर स्वतःच्या साड्याही काढू लागले होते. एक चित्रकार पगारावर ठेवला होता, आणि त्याने काढलेली वेलबुट्टी बाजारात आली की आठ-पंधरा दिवसांत तीच वेलबुट्टी हलक्या कापडावर, कमी रंगांत, दुसऱ्या कोणाच्या दुकानात टांगलेली दिसे. त्यांनी मला नक्ष्यांचा संग्रह संगणकात ठेवण्याचे काम दिले, तारीखवार, म्हणजे वेळ आली तर आपले पहिलेपण सिद्ध करता येईल. मी तोवर अधिनियमाचे पुस्तक विकत घेतले होते. पंधरावे कलम मी त्यांना वाचून दाखवले: जी नक्षी डिझाइन म्हणून नोंदता येण्याजोगी आहे पण नोंदलेली नाही, ती लावलेली वस्तू औद्योगिक प्रक्रियेने पन्नासाहून अधिक वेळा काढली गेली की त्या नक्षीतला स्वामित्वहक्क संपतो. पन्नास! एका लॉटच्या छपाईत किती साड्या निघतात ते शेठजींना सांगण्याची गरज नव्हती. छपाईच्या टेबलावर पहिली पाळी संपण्यापूर्वीच त्यांचा हक्क संपत होता. नोंदणी करावी तर २००० च्या डिझाइन अधिनियमाखाली दहा वर्षे, वाढवून आणखी पाच, असे संरक्षण मिळते खरे. पण नक्षी बाजारात प्रसिद्ध होण्यापूर्वी अर्ज केला पाहिजे, आणि ज्या धंद्यात हंगामाला शेकडो नक्ष्या निघतात आणि त्यांतल्या चार चालतात, तेथे कोणती चालेल हे आधी कोणाला कळते? शेठजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “भाई, तुझा हा हिशेबाचा प्रोग्राम किती वर्षे तुझा?” मी म्हणालो, वाङ्मयकृती म्हणून, माझ्या हयातीत आणि माझ्या मृत्यूनंतर साठ वर्षे. “आणि माझे फूल पन्नास साड्या.” या वाक्यात कडवटपणा नव्हता, निखळ आश्चर्य होते, आणि मला त्याला उत्तर देता आले नाही. आजही देता येत नाही. औद्योगिक मालाला लवकर मोकळे करावे आणि साहित्याला दीर्घ संरक्षण द्यावे, यामागचे तत्त्व मला पुस्तकात समजते. पण एका चित्रकाराने तीन दिवस बसून काढलेले कमळ औद्योगिक माल, आणि मी एका दुपारी लिहिलेला घटीचा हिशेब मात्र वाङ्मय, ही विभागणी करताना कायद्याने सचिनमधल्या त्या चित्रकाराच्या खांद्यावरून पाहिले असते तर बरे झाले असते, असे मला मनापासून वाटते.

२०१२ साली सचिनच्याच विशेष आर्थिक क्षेत्रातल्या एका कंपनीने, जिचे मुख्य कार्यालय परदेशात होते, माझी आज्ञावली विकत घेण्याची इच्छा दर्शवली. परवाना नव्हे, संपूर्ण मालकी. रक्कम अशी होती की मी वडिलांना सांगितली तेव्हा त्यांनी ती दोनदा विचारली. करारनाम्याचा मसुदा आला, आणि त्याच्या सातव्या कलमात लिहिले होते की ही आज्ञावली सर्वस्वी विकणाराची स्वतःची असून तिजवर कोणाही तिऱ्हाइताचा कसलाही हक्क, बोजा अथवा दावा नाही, असे विकणारा प्रतिज्ञेवर सांगतो.

मी ते कलम रात्री उशिरापर्यंत वाचीत बसलो, आणि मला ज्या गावात मी काम करीत होतो त्या गावाचीच हकीकत आठवली. सचिन हे एके काळी संस्थान होते, आणि त्याचा जन्म अशाच एका कागदातून झालेला आहे. जंजिऱ्याच्या गादीचा वारस बाळूमिया, म्हणजे सिद्दी अब्दुल करीम याकूतखान, याला सिद्दी जोहराने बाजूला सारून किल्ला बळकावला, तेव्हा बाळूमिया पुण्याला पेशव्यांच्या आश्रयास आला. आणि १७९१ साली असा तह ठरला की त्याने जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना द्यावा आणि पेशव्यांनी त्याबदली सुरतेजवळचा हा मुलूख त्याला द्यावा. बाळूमियाला सचिन मिळाले, त्याचा वंश येथे १९४८ पर्यंत नवाब म्हणून नांदला. पेशव्यांना मात्र जंजिरा कधीही मिळाला नाही, कारण ज्याने तो लिहून दिला त्याच्या ताब्यात तो नव्हताच. समुद्रातला किल्ला जोहराच्या हाती होता आणि तो कोणत्याही तहाला जुमानीत नव्हता. शिवाजी महाराजांपासून मराठ्यांना जो किल्ला तलवारीने घेता आला नाही, तो लेखणीने घेण्याचा हा प्रयत्न; आणि त्यातून उरले ते सचिन. मी जर डोळे मिटून त्या सातव्या कलमाखाली सही केली असती, तर माझ्या हातून त्या कंपनीला असाच एक जंजिरा विकला गेला असता.

दुसऱ्या दिवसापासून मी आणि नव्याने आलेला एक मुलगा, दोघांनी मिळून सबंध आज्ञावलीची झडती सुरू केली. मोठ्या कागदावर तीन रकाने आखले: भाग, कर्ता, आणि कोणत्या अटीवर आपल्याकडे. पहिले दोन भरायला आठवडा लागला, तिसऱ्याला महिना. बिले पीडीएफमध्ये काढण्यासाठी आम्ही आयटेक्स्ट नावाचा जो तयार भाग वापरीत होतो तो मूळचा सौम्य परवान्याचा, विक्रीच्या मालात घालायला हरकत नसलेला. परंतु २००९ च्या अखेरीस त्याची पाचवी आवृत्ती निघाली तेव्हा कर्त्यांनी तो एजीपीएल या कडक परवान्याखाली आणला होता, ज्यात आज्ञावली केवळ जाळ्यावरून वापरायला दिली तरी मूळ लेखन देणे बंधनकारक होते, नाहीतर विकतचा परवाना घ्यावा लागे. त्यांनी हे लपवले नव्हते. ते प्रत्येक फाइलच्या माथ्यावर लिहिलेले होते. आमच्याकडे एका दुपारी कोणीतरी ‘नवी आवृत्ती आली आहे’ म्हणून ती बसवली होती, आणि मी ती तपासली नव्हती. तो भाग काढून अपाची परवान्याच्या पीडीएफबॉक्सवर सगळी बिले पुन्हा उभी करायला तीन आठवडे गेले. गुजराती जोडाक्षरांनी तर फार छळले. अक्षरांचा प्रश्न त्या मानाने सुखाने सुटला. छापखान्यातून आलेले जुने टंक आजवर कुठे कुठे लपून राहिले होते ते सर्व काढले आणि ‘लोहित’ हा टंक बसवला, जो २००४ पासून मुक्त होता आणि २०११ मध्ये टंकांसाठीच घडवलेल्या ओपन फॉन्ट परवान्याखाली आला होता. लोहित म्हणजे तांबडा. मेहताजींच्या वहीची बांधणी तशीच होती, हे मला तेव्हा उगीचच जाणवले.

आणि मग राहिले ते तीन भाग: बिले, घट, लॉटकार्ड. २००८ ची चिठ्ठी मी वकीलसाहेबांना दाखवली. त्यांनी ती वाचली आणि एकोणिसावे कलम काढले. हस्तांतर लेखी आणि सहीचे पाहिजे, ते होते. पण मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांचेच समजावे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. आमच्या चिठ्ठीत दोन्ही नव्हते. म्हणजे पुढच्या वर्षी माझा हक्क संपणार होता, आणि सीमेपलीकडे तो कधी नव्हताच. आणि मी ते भाग परदेशी कंपनीला कायमचे विकायला निघालो होतो. “मुलाला बोलवा,” वकीलसाहेब म्हणाले, “आणि हेही ध्यानात ठेवा की हक्क विकला तरी कृती आपण केली हे सांगण्याचा अधिकार कर्त्याजवळ राहतो. सत्तावन्नावे कलम. कराराला भागांची यादी जोडाल त्या परिशिष्टात त्याचे नाव घाला.”

मी त्याला फोन केला. चार वर्षांत आमचे बोलणे झाले नव्हते असे नाही, पण रस्त्यात भेटल्यावर मान हलवण्यापुरतेच. मी सगळे खरे सांगितले, किंमत काय आली आहे तीही, आणि तीन भागांचा त्याचा वाटा किती होईल तोही. तो म्हणाला, “संध्याकाळी येतो, दादा.”

दिवेलागणीला तो मोटारसायकलवरून आला. माझ्या कार्यालयात तेव्हा पंख्याचा आवाज आणि पलीकडच्या गिरणीच्या बॉयलरचा घरघराट याखेरीज काही नव्हते. चहा आला. त्याने करारनामा बाजूला ठेवला आणि आधी परिशिष्ट उघडले. एक्केचाळीस ओळींचे ते परिशिष्ट बोट ठेवीत, ओठ हलवीत, तो पहिल्यापासून वाचू लागला, जसा पूर्वी कोड वाचीत असे. आपल्या नावापाशी तो थांबला नाही, पुढे गेला, आणि मग परत मागे आला.

“ही अकरावी ओळ चुकली आहे, दादा.”

मला वाटले, त्याचे आणखी काही राहून गेले आहे. मी म्हणालो, सांग, काय घालायचे?

“काढायचे. घटीची टक्केवारी काढायचा हा तुकडा माझा नाही. तुम्ही लिहिलेला. मी नुसता उचलून माझ्या फाइलमध्ये टाकला होता.”

मला आठवत नव्हते. डायरी चिखलात गेली होती, आणि नऊ वर्षांच्या कामातली वीस-पंचवीस ओळींची ती गोष्ट. त्याने माझा संगणक पुढे ओढला, तीच जुनी हार्ड डिस्क, जी मी अजून जपून ठेवली होती, जोडली, आणि पुरापूर्वीच्या त्या शनिवारची फाइल उघडून मला दाखवली. माथ्यावर माझे नाव आणि तारीख होती, माझ्याच वाईट सवयीच्या आखूड मराठी टिपेत.

मी अकराव्या ओळीतले त्याचे नाव खोडून माझे घातले, त्या तुकड्याचे पैसे त्याच्या रकमेतून कमी करू नयेत असे सांगून पाहिले, तो ऐकेना, आणि मग आम्ही ते पान पुन्हा छापायला टाकले.